पेजेच्या रंगाचा झगा

साडेतीन वर्षांचा मुलगा असलेल्या घरातून रंग हाकलून लावायला निशिगंधाकडे मोजून बावीस दिवस होते. हे काम किती अवघड असतं हे ज्याला सांगावं लागतं, त्याच्या घरी एकतर मूल नसणार किंवा ते हॉस्टेलवर असणार.

झालं होतं असं, की पुण्याच्या ‘इवलं घर’ या पानाकडून तिच्या मेसेजला उत्तर आलं होतं. हे पान फोनवर असतं. पावणेदोन लाख आया रोज सकाळी त्यावर दुसऱ्यांच्या मुलांच्या खोल्या बघतात आणि मग उठून आपल्या मुलांवर खेकसतात. त्यात ‘छोट्या गावातली देखणी घरं’ अशी एक मालिका चालू होती आणि रायगड जिल्ह्यातलं एकही घर अजून आलं नव्हतं. अलिबागचा एक बंगला आला होता, पण तो मुंबईच्या माणसाचा निघाला, म्हणजे तो धरायचा नाही. निशिगंधाने खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या लाकडी घोड्याचा फोटो पाठवला होता. घोड्याच्या डावीकडे गॅसचं सिलिंडर होतं, ते तिने कापलं होतं. पुण्याच्या दिपिकामॅडमनी लिहिलं, ‘सुंदर. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी येतो. मुलाची खोली आणि खोलीत मूल, असा फोटो घेऊ. पॅलेट शांत ठेवा. मुलाचे कपडेही त्याच पॅलेटमधले.’

हे वाक्य तिने नवऱ्याला वाचून दाखवलं. हितेश धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर. नाइट शिफ्ट करून नुकताच आला होता.

“आमच्याकडे पॅलेट फोर्कलिफ्टवर असतं,” तो म्हणाला. “शांतच असतं ते.” आणि झोपला.

निशिगंधाला हसू आलं नाही. पेणच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीची रोह्याशेजारच्या वरसे गावात एवढीच ओळख होती, की पोराचं उकळलेलं पाणी पर्समध्ये घेऊन फिरते ती बाई. साईराज शिंकला की ती फोनवर शोधायची. फोन पहिल्यांदा सर्दी म्हणायचा, आणि खाली वाचत गेलं की काहीही म्हणायचा. ती शेवटपर्यंत वाचायची. तिला फक्त एवढंच हवं होतं, की आई म्हणून आपलं बरं चाललंय हे कुणीतरी बाहेरच्याने एकदा, फोटोसकट, सांगावं. एवढ्यासाठी माणूस रंग सोडतो.

तर रंग सोडले. जिराफाची उंची मोजायची पट्टी, एबीसीडीचा तक्ता, लाल बादली, निळी सायकल, किंचाळणारा हिरवा पोपट, सगळं पोत्यात भरून गच्चीच्या जिन्याखाली गेलं. पोतं ओढताना समोरचं दार उघडलं. त्या दारात विमलबाई. वय साठ, दोन्ही गुडघे दुखरे, पण रोहा-अष्टमीत काहीही व्हायचं असलं तर ते आधी विमलबाईंना कळतं आणि मग होतं.

“घर सोडताव काय गो?”

“नाही काकी. साईराजची खोली करतेय.”

“करतेस व्हय? मला वाटलं मोडतेस.”

खोली रिकामी झाली तेव्हा ती इतकी शांत दिसायला लागली, की साईराज दारातच उभा राहिला आणि त्याने विचारलं, “मम्मी, मी कुठे गेलो?”

आता कपडा. कपडा ऑनलाइन मागवला. मागवताना ‘मुलाचं नाव लिहा, आम्ही पाकिटावर हाताने सुंदर अक्षरात लिहू’ असं होतं. निशिगंधाने हौसेने साईराजचं नाव घातलं. या हौसेची किंमत दोन एसटी प्रवास. आठवड्याने फोन आला, की पार्सल नागोठण्याला आलंय.

“पण पत्ता वरशाचा आहे.”

“वरशाला आमची गाडी बुधवारी जाते.”

“आज बुधवारच आहे.”

“मागच्या बुधवारी गेली होती ना मॅडम.”

ती नागोठण्याला गेली. कुरियरच्या खिडकीतल्या माणसाने पाकीट हातात धरलं, सुंदर अक्षरातलं नाव वाचलं आणि विचारलं, “साईराज कोण?”

“माझा मुलगा.”

“मग सही त्याची लागेल.”

“तो साडेतीन वर्षांचा आहे हो.”

“मग आधार दाखवा त्याचं.” फोनमधलं आधार दाखवलं. त्यावर सहा महिन्यांचं, बिनकेसांचं, कुणावर तरी रागावलेलं बाळ होतं. माणसाने ते मोठं करून पाहिलं. “हा साडेतीनचा वाटत नाही.”

“तेव्हा तो साडेतीनचा नव्हता.”

“तेच म्हणतोय मी. पार्टीला घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी पार्टीला घेऊन ती परत गेली. पार्टीने वहीत सही केली. ती रेघ स्वतःच्या रकान्यातून निघून इतर तिघांच्या सह्यांवरून टेबलावर उतरली. माणसाने ती रेघ नीट निरखली आणि म्हणाला, “आडनाव राहिलं.”

पाकिटातून जे निघालं त्याला निशिगंधा ट्युनिक म्हणत होती. लांबी गुडघ्याखाली. मुलगा-मुलगी कुणालाही चालेल असं. कापड जाडसर, कडा मुद्दाम न दुमडलेली, तिचे धागे मुद्दाम लोंबणारे. एका कोपरावर आणि पोटावर किंचित वेगळ्या छटेचं ठिगळ, मोठ्या टाक्यांनी घातलेलं, तेही मुद्दाम. बटणं करवंटीची. रंग ओटमील. सोबत चिठ्ठी होती, ‘या कपड्यातल्या उणिवा हेच त्याचं सौंदर्य आहे.’

“हे लिहून मी माझी बॅच पाठवली,” हितेश म्हणाला, “तर क्वालिटीवाले मला घरी पाठवतील. आणि ओटमील कसलं, पेजेचा रंग आहे हा. उकड्या तांदळाच्या. कितीला पडलं?”

निशिगंधा म्हणाली, तुझा डबा भरायचाय. हा आकडा तिने शेवटपर्यंत हितेशला सांगितला नाही, त्यामुळे इथेही सांगता येणार नाही.

मग पलंग. ‘इवलं घर’मधली सगळी मुलं बिनपायांच्या पलंगावर झोपतात. जमिनीलगत गादी आणि वर घराच्या आकाराची लाकडी चौकट. त्याने मूल स्वतःहून चढतं-उतरतं आणि स्वतंत्र होतं.

“तो आहेच स्वतंत्र,” हितेश म्हणाला. “स्वातंत्र्य मला मिळायला पाहिजे.”

अष्टमी गावच्या सुताराने चित्र बघून विचारलं, “पाय मागाहून बसवायचे का, वहिनी?”

“पाय नकोतच.”

सुताराने डोकं खाजवलं. पण पलंग त्याने चांगला केला. आणि आणून देताना सुतळीने बांधलेले चार पायही दिले. “असू द्या,” तो हळूच म्हणाला. “साहेबांचा विचार बदलला तर.”

राहिली भिंत. भिंतीवर एक फिकट कमान आणि कमानीखाली एक फिकट ससा हवा होता. त्यासाठी निशिगंधाने माहेरच्या आळीतल्या विठूकाकांना बोलावलं. इथे तिचं चुकलं, पण पेणच्या कुणाचंही इथेच चुकलं असतं. पेणमध्ये गणपती घडवणारे पुष्कळ, रंगवणारे त्याहून पुष्कळ, पण डोळे आखणारे मोजके. सगळा रंग झाला की शेवटी हा माणूस येतो, बारीक ब्रश घेतो, श्वास धरतो, आणि पाच मिनिटांत शाडूच्या गोळ्याचा देव होतो. विठूकाकांनी चाळीस वर्षं फक्त हेच केलं होतं. माघी गणपती उरकले होते, भाद्रपद लांब होता, हात रिकामा होता.

त्यांनी कमान सुरेख काढली. ससाही काढला. मग फोनमधल्या नमुन्याकडे बघत थांबले.

“याला डोळे नाहीत.”

“आहेत की काका. ही दोन टिंबं.”

“टिंब म्हणजे डोळा नाय पोरी. टिंब म्हणजे टिंब.”

“पण तशीच फॅशन आहे.”

“असंल,” विठूकाका म्हणाले. “चा टाक जरा.”

ती चहा टाकून आली तोवर काम झालं होतं. सशाला डोळे आले होते. अर्धोन्मीलित, लांब पापण्यांचे, कडेला किंचित लाली असलेले, खोलीत कुठेही उभं राहा, तुमच्याकडेच बघणारे. त्या डोळ्यांत अपार करुणा होती. सशाच्या चेहऱ्यावर ती करुणा मावत नव्हती. विठूकाकांनी ब्रश धुतला, सशाला नमस्कार केला, आणि चहा पिऊन पेणला निघून गेले.

“पुसून टाकू का?” संध्याकाळी निशिगंधाने विचारलं.

हितेश सशासमोर उभा राहिला. नकळत त्याने पायातली स्लीपर काढली. “तू पुस,” तो म्हणाला. “मी नाही.”

तिचाही हात धजला नाही. नातवासाठी खडू मागायला आलेल्या विमलबाईंनी दारातूनच आत डोकावलं, चपला काढल्या, हात जोडले आणि काही न विचारता परत गेल्या. विमलबाई काही न विचारता परत जातात तेव्हा खरं म्हणजे सावध व्हायला हवं. पण निशिगंधाच्या डोक्यात तेव्हा पडदे होते.

रविवार चार दिवसांवर आला तेव्हा तिने साईराजला ट्युनिक घालून उजेडातल्या फोटोंसाठी बिल्डिंगच्या आवारात नेलं. साईराज खूश नव्हता. त्याने दोनदा विचारलं होतं, “मम्मी, मी पोतं आहे?” केस विंचरायचे नाहीत, काजळ-तीट नाही, पाय अनवाणी, हे सगळं पानावरच्या मुलांसारखं. बाकावर चार बायका पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं. वरशात चार बायकांचं बोलणं एकदम थांबतं ते एरवी रुग्णवाहिका वळली तरच.

विमलबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांनी ठिगळावरून बोट फिरवलं. लोंबणारे धागे पाहिले. मग फार हलक्या आवाजात विचारलं, “कधीपर्यंत हाय?”

“रविवारपर्यंत, काकी.”

“मंग सुटंल?”

“मग सुटलेच म्हणायचं मी.”

विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “सगला तोंड मिटून केलास गो,” त्या म्हणाल्या. “आमाला परकं धरलंस.”

निशिगंधा हवेत तरंगत वर आली. वरशातसुद्धा सौंदर्यदृष्टी आहे, आपणच लोकांना कमी लेखत होतो, असं तिने मनातल्या मनात कबूलही केलं. ही कबुली दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत टिकली.

साडेआठला विमलबाई दारात. हातात पिशवी. पिशवीत नातवाचा जुना शर्ट. भडक केशरी, छातीवर रॉकेट, आणि उडी मारली की रॉकेटच्या बुडाला लाल-हिरवे दिवे लुकलुकणार.

“मागायला लाजलीस, म्हणून मीच आणला. पाच घरचा लागतो. बाकी चार घरांना सांगितलंय मी.”

“कशाचं पाच घरचं?”

विमलबाईंनी जिन्याकडे बघितलं, दार लोटून घेतलं आणि त्या साईराजच्या खोलीपर्यंत आत आल्या. “अगो, आमाला काय कलत नाय काय? पोर सारखं दुखण्याला पडत असला, त्याची कालजी वाटत असली, की बोलतात तसा नवस. मागून आणलेला कपडा घालतात. ठिगलाचा, बिनरंगाचा. मुलग्याला झगा घालतात, म्हंजे नजर लावणाराला वाटावं पोरगी हाय. काजल नाय, तेल नाय, विंचरायचं नाय. भुईवर निजवतात. देवासमोर ठेवतात.” एकेका वस्तूकडे त्यांचं बोट जात होतं. बिनपायांच्या पलंगाकडे. सशाकडे. “तुजा सगला बरोबर हाय. फक्त कपडा एकाच घरचा दिसतोय. तेवढा चुकला.”

निशिगंधा खाली बसली. बसायला दुसरं काही त्या खोलीत ठेवलेलंच नव्हतं.

ही चाल तिला माहीत नव्हती असं नाही. सासरीच तर पुरावा होता. हितेशचे आजोबा, कासू गावी असतात, वय शहाऐंशी, नाव केरू. त्यांच्याआधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून यांना जन्मल्या दिवशी सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, परत उचलून आणलं, नाव ठेवलं केरू, आणि पाचव्या वर्षापर्यंत मागून आणलेल्या कपड्यांत वाढवलं. केराला कोण नजर लावणार? लग्नानंतर ही गोष्ट तिने ऐकली तेव्हा ‘किती इंटरेस्टिंग’ म्हणाली होती.

“सांगून टाक सरळ,” हितेश म्हणाला. “विकत आणलंय म्हणावं.”

“आणि कितीला आणलं असं विचारलं तर?”

हितेशने थोडा विचार केला. “मग नवसच बरा.”

दुपारी अंगणवाडीच्या नम्रताताई वजनकाटा घेऊन आल्या. त्यांच्याकडे ‘माहिती आली’ होती. कुणाकडून हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्या सांगत असताना समोरचं दार बोटभर उघडं होतं. फोनमध्ये पाहणीचा फॉर्म होता.

“मूल कशावर झोपतं? पलंग, चटई, की जमीन?”

“पलंगावर.”

नम्रताताईंनी पलंग पाहिला. पलंगाखाली बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही. “जमीन,” त्या म्हणाल्या. “खेळणी?”

निशिगंधाने तीन लाकडी कड्या आणि एक घोडा दाखवला.

“अपुरी. कपडे?”

“ताई, ती डिझाइन आहे.”

“फॉर्ममध्ये डिझाइन नाही. ‘फाटके’ आहे.” मग साईराजला काट्यावर उभं केलं. वजन चोख होतं. उंचीही चोख. नम्रताताईंनी काटा हलवून पाहिला, साईराजला परत उभं केलं, आणि निशिगंधाकडे संशयाने पाहत म्हणाल्या, “वजन तर उत्तम आहे. कशामुळे?” जाताना त्या पूरक आहाराची दोन पाकिटं ठेवून गेल्या. ती परत घेतली तर फॉर्म पुढे सरकत नव्हता.

आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं. संध्याकाळी निशिगंधा तावातावाने समोरच्या दारात गेली. वाक्य तयार होतं, काकी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. विमलबाई एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, थोडं सरकून जागा केली.

“माजा पयला गेला ना,” त्या ताटातून नजर न काढता म्हणाल्या, “सव्वा वरसाचा. चालाया लागला व्हता. सासू बोललेली, मागून घाल, नाव वंगाल ठेव. मी सातवी शिकलेली. मला लाज वाटली. चांगला रंगीत शर्ट घालायची मी त्याला.” एक खडा निघाला, तो त्यांनी बाजूला ठेवला. “शर्टानं काय व्हतं, मला पण कलतं. पण तू केलंस ना, मला बरं वाटलं. शिकलेली असून लाजली नायस.”

तयार वाक्य निशिगंधाने गिळलं. घरी येऊन तिने साईराजचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून पाहिलं. वजन चोख होतं, हे तिला माहीत होतं. रसायनशास्त्रात पहिला वर्ग होता. तरी तिने दुसरंही मनगट धरून पाहिलं.

आणि मग उजाडला रविवार.

साडेदहाला दिपिकामॅडम यायच्या होत्या. साडेनवाला सासूबाई आल्या. सीताबाई कासूहून पहिल्या गाडीने निघाल्या होत्या आणि येताना केरूआजोबांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. विमलबाईंची बहीण कासूला दिलेली आहे, हे निशिगंधाच्या लक्षात यायला हवं होतं.

“माज्या नातवाचा नवस,” सीताबाई उंबऱ्यातच म्हणाल्या, “आणि मला पोयनाडच्या बाजारात कलतो. कुठल्या देवाला बोललीस? आमचा देव मेला काय?”

“आई, नवस नाहीच आहे.”

“नाय कसा? नवस नाय तर पोराला अशा झग्यात का ठेवलास? आमची काय ऐपत नाय कपडे घ्यायची?”

याला उत्तर होतं. ऐपतीचं उत्तर तर सर्वात सोपं होतं, पण तो आकडा सासूबाईंना सांगण्यापेक्षा निशिगंधाने कुलदैवताला पायी जायचं पसंत केलं असतं. हितेश स्वयंपाकघरात जाऊन पोहे परतायला लागला. तो सुट्टीच्या दिवशी कधी पोहे परतत नाही.

आजोबांना या सगळ्यात बसायचं होतं. दोन मजले चढून आले होते. खुर्च्या ‘दिसायला नको’ म्हणून गच्चीत गेल्या होत्या. ते काठी टेकत साईराजच्या खोलीत गेले, सशाला हात जोडले, आणि पलंगावर बसले. बसले म्हणजे, पलंग अपेक्षेपेक्षा बराच खाली निघाल्यामुळे शेवटचं वीतभर अंतर आपोआप गेलं. गुडघे कानाशी आले. आता त्यांना उठवायला दोन माणसं लागणार होती.

सव्वादहाला विमलबाई चार बायकांसह आल्या. पाच घरचे कपडे पूर्ण झाले होते. एका घरची पोपटी पँट, एका घरचे जांभळे मोजे, एका घरचं टिकल्यांचं जाकीट, एका घरची लाल टोपी, आणि विमलबाईंचं रॉकेट. नवस रविवारी सुटतो असं निशिगंधाने स्वतःच सांगितलं होतं, म्हणजे हे अंगावर चढलं की तो सुटला. निशिगंधा ‘थांबा, थांबा’ म्हणेपर्यंत साईराजने ट्युनिक स्वतःच डोक्यावरून ओढून फेकलं होतं. बावीस दिवसांत त्याला पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या मनासारखं काही दिलं होतं. त्याने पाचही घरं एकदम अंगावर चढवली आणि उडी मारली. लाल. हिरवा. लाल. हिरवा.

साडेदहाला दिपिकामॅडम दारात उभ्या होत्या. कॅमेरा गळ्यात, कपडे अर्थातच पांढुरके. त्यांनी आतल्या आठ माणसांकडे पाहिलं आणि मग साईराजकडे.

“हा पॅलेटमध्ये नाही,” त्या म्हणाल्या.

“बदलते हो मी. दोन मिनिटं.”

पण साईराज रॉकेट सोडायला तयार नव्हता. समजावलं, चॉकलेट दाखवलं, हितेशने कढई सोडून येऊन आवाज चढवला. साईराज पलंगामागे जाऊन आजोबांच्या पाठीला चिकटला आणि तिथून ओरडला, “मी पोतं नाही.” बायका निशिगंधाकडे बघायला लागल्या. सुटलेला नवस परत चढवणारी आई त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

ट्युनिक आजोबांच्या पायाशी पडलं होतं. त्यांनी ते उचललं. कापड दोन बोटांत चोळलं. कडा पाहिली, टाके पाहिले, बटण दाताखाली धरून पाहिलं. मग बोटाने निशिगंधाला जवळ बोलावलं. ती पलंगाशी गुडघ्यांवर वाकली.

“ह्यो ईकत घेतलास,” ते तिच्याच कानात म्हणाले.

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिने होकारार्थी मान हलवली.

“मी घातलाय ना पाच वरसं. मागितलेल्याचे टाके आसं एकसारके नसतात. कवड्याला?”

तिने कानात सांगितलं. जगात हा आकडा त्या दिवशी दोन माणसांना ठाऊक झाला. आजोबा बराच वेळ हलत होते. ते हसतायत हे तिला उशिरा कळलं.

“माजी आय पाच घरं वणवण फिरली तवा असा कपडा मिलाला,” ते म्हणाले. “तुला घरबसल्या आला.”

“घरबसल्या नाही, आजोबा. नागोठण्याला जावं लागलं. दोनदा. दुसऱ्यांदा पोराला कडेवर घेऊन.”

आजोबा गंभीर झाले. ही माहिती त्यांच्या मते महत्त्वाची होती. “मंग झाली की वणवण,” ते म्हणाले. “लागू पडंल.” आणि आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “नवस सुटला. पोर खणखणीत हाय. सीते, देव आपलाच व्हता, मला इचारून केलंय सगलं. आता चा आणा.”

सीताबाईंचा चेहरा सैल झाला. सासऱ्याला विचारलं होतं म्हणजे प्रश्न मिटला. विमलबाईंनी पदराने डोळे टिपले आणि साईराजवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळ्या बायका चहाला स्वयंपाकघरात गेल्या. निशिगंधाने हितेशला हाक मारली, आजोबांना उठवायला.

“उठवू नका,” दिपिकामॅडम म्हणाल्या.

त्या खोलीच्या दारात कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या होत्या. निशिगंधाने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कमानीखाली, बिनपायांच्या पलंगावर केरूआजोबा बसले होते. अंगात त्यांची नेहमीची बंडी. धुऊन धुऊन रंग पेजेसारखा झालेला. कोपरावर सीताबाईंनी मोठ्या टाक्यांनी घातलेलं ठिगळ, पोटावर एक ठिगळ, खालची कडा झिजून धागे लोंबलेले. बटणांपैकी एक करवंटीचं. चिठ्ठीत लिहिलं होतं त्या सगळ्या उणिवा होत्या, आणि एकही मुद्दाम नव्हती. वरून ससा त्यांच्याकडे अपार करुणेने बघत होता.

“यांचं स्टायलिंग कुणी केलं?” दिपिकामॅडमनी कुजबुजत विचारलं.

“आईंनी,” निशिगंधा म्हणाली.

फोटो बुधवारी आला. फोटोत साईराज नव्हता. आजोबांच्या खांद्यामागे एक लाल-हिरवा धूसर ठिपका होता, तो साईराज. खाली लिहिलं होतं, ‘रोह्याजवळच्या या घरात चार पिढ्या एकाच पॅलेटमध्ये राहतात.’ आई म्हणून तिचं कसं चाललंय याबद्दल पावणेदोन लाख माणसांपैकी कुणीही काही म्हटलं नाही. ट्युनिक आजोबांच्या मांडीवर स्पष्ट दिसत होतं, त्याबद्दलही कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर बायकांनी एकच प्रश्न विचारला होता, आजोबांची बंडी कुठे मिळेल, लिंक द्या.

साईराज जिन्याखालच्या पोत्यातून हिरवा पोपट काढून त्याला किंचाळायला लावत होता. समोरच्या दारातून विमलबाई त्याला आणखी एकदा किंचाळवायला सांगत होत्या. सुतार पलंगाला पाय बसवत होता. निशिगंधाने फोन उचलला आणि सगळ्यात वरच्या प्रश्नाखाली लिहिलं,

‘कासूला. पण मागावी लागते.’